जाहीरनाम्याचे दुसरे वाचक

अमेरिकेतल्या गुलामगिरीशी मराठी वाचकाची ओळख बहुधा अब्राहम लिंकनपासून सुरू होते. त्याने मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलेले म्हणून सांगितले जाणारे पत्र आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या भिंतीवर वाचलेले असते. (ते लिंकननेच लिहिल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही, हे सहसा कोणी सांगत नाही.) मग 'अंकल टॉम्स केबिन', यादवी युद्ध आणि तिथून एकदम शंभर वर्षे ओलांडून मार्टिन ल्यूथर किंग. या क्रमात एक मोठा कालखंड निसटतो. लिंकन जन्मला १८०९ मध्ये. त्याच्या जन्माआधी १९० वर्षे, १६१९ च्या ऑगस्टमध्ये, व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्ट बंदरावर वीसेक आफ्रिकी माणसे उतरवून विकली गेली होती. त्या १९० वर्षांत ही माणसे आणि त्यांची लेकरे कोणा उद्धारकर्त्याची वाट पाहत गप्प बसली नव्हती.

पुढच्या पानांत त्याच काळातली माणसे भेटतील. कवयित्री, पंचांगकर्ता, धर्मोपदेशक, शिडे शिवणारा कारखानदार, खलाशी, लोहार, घरकाम करणाऱ्या बायका. राष्ट्राध्यक्षही आहेत, पण ते इथे नायक म्हणून आलेले नाहीत. ज्यांना उत्तर द्यावे लागले, किंवा ज्यांनी ते द्यायचे टाळले, असे प्रतिवादी म्हणून आले आहेत. सगळ्यांचा उल्लेख एकेरीतच केला आहे. वॉशिंग्टनला आदरार्थी बहुवचन आणि त्याच्या घरातून पळालेल्या मुलीला एकवचन, हा भेद या पुस्तकात शोभला नसता.

आधी पार्श्वभूमी. काळ्या माणसाने गुलाम असायचे, हा नियम अमेरिकेत पहिल्या दिवसापासून लेखी नव्हता. तो एकेक निकाल, एकेक कायदा करत रचला गेला. १६४० मध्ये व्हर्जिनियातल्या एका मालकाचे तीन नोकर पळाले आणि मेरीलँडमध्ये पकडले गेले. एक डच, एक स्कॉट आणि तिसरा जॉन पंच नावाचा आफ्रिकी. फटके तिघांनाही सारखेच, प्रत्येकी ३०. पण दोघा गोऱ्यांची चाकरी चार वर्षांनी वाढली आणि जॉन पंचची जन्मभराची झाली. गुन्हा एकच, शिक्षा कातडी पाहून. १६६२ मध्ये व्हर्जिनियाने कायदा केला की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. इंग्लंडच्या रिवाजात तो बापावरून ठरत असे. हा बदल मालकांच्या पथ्यावर पडला, कारण गुलाम बाईला मालकापासून झालेले मूल आता मालकाचीच मिळकत ठरले. १६६७ मध्ये आणखी एक दार बंद झाले. बाप्तिस्मा घेतला तरी गुलामी सुटणार नाही, असे कायद्याने ठरले. जन्मावरून दर्जा ठरतो म्हणजे काय होते आणि देवाच्या दारात गेले तरी तो कसा सुटत नाही, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको.

या विषयावर बोलताना एक वाक्य हमखास ऐकू येते: ती त्या काळाची माणसे होती, आजचे माप त्यांना लावू नका. वॉशिंग्टन आणि जेफर्सन यांच्यावर हे पांघरूण फार दिवस घातले गेले आहे. हे सगळे पुस्तक त्या वाक्याला उत्तर आहे. माप आजचे नाही, त्याच काळातले आहे. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउन गावी चार जणांनी गुलामगिरीच्या विरोधात लेखी निषेध नोंदवला होता. १७९० मध्ये वयोवृद्ध बेंजामिन फ्रँकलिनने गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष म्हणून काँग्रेसकडे अर्ज केला होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये रॉबर्ट कार्टर या व्हर्जिनियातल्याच बड्या जमीनदाराने आपल्या ४५० हून अधिक गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचा दस्त केला. म्हणजे जेफर्सनच्याच राज्यात, त्याच्याच वर्गातल्या माणसाला हे सुचले होते आणि जमलेही होते. शिवाय ज्यांच्यावर अन्याय होत होता ती माणसेही त्याच काळाची होती. त्यांचे मत काय होते, हे त्यांनी अर्जांतून, दाव्यांतून, पत्रांतून आणि पळून जाऊन पुरेसे स्पष्ट केले होते.

१७७६ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातल्या भाड्याच्या खोल्यांत बसून थॉमस जेफर्सनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला, तेव्हा त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज हा चौदा वर्षांचा गुलाम मुलगा होता. मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा दोष इंग्लंडच्या राजाच्या माथी मारणारा एक उतारा होता. काँग्रेसने तो काढून टाकला. सर्व माणसे समान असल्याचे विधान मात्र राहिले. ते ज्यांच्यासाठी लिहिले होते त्यांनी ते वाचले, टाळ्या वाजवल्या आणि ते कामाला लागले. ज्यांच्यासाठी लिहिले नव्हते त्यांनीही ते वाचले, आणि त्यांनी ते शब्दशः घेतले. जेमतेम सहा महिने होतात तोच, १७७७ च्या जानेवारीत, प्रिन्स हॉल आणि त्याच्या सोबत्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. तुम्ही इंग्लंडशी ज्या तत्त्वावर भांडता, ते तत्त्व हजार युक्तिवादांपेक्षा जोराने आमच्या बाजूने बोलते, असा त्याचा आशय होता. विधिमंडळाने अर्ज बाजूला ठेवला.

अर्जाने जे झाले नाही ते मॅसॅच्युसेट्समध्येच एका दाव्याने झाले. शेफील्ड गावात कर्नल जॉन ॲश्ली हे बडे प्रस्थ होते. १७७३ मध्ये गावातल्या प्रतिष्ठितांनी त्याच्याच माडीवर बसून इंग्लंडच्या जुलमाविरुद्ध ठराव तयार केले होते. माणसे समान आणि स्वतंत्र आहेत, हे त्यात ठणकावून सांगितले होते. त्या घरात बेट नावाची गुलाम बाई राबत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. एके दिवशी घराच्या मालकिणीने चुलीतले तापलेले फावडे दुसऱ्या मुलीवर उगारले आणि मध्ये पडलेल्या बेटने ते आपल्या हातावर झेलले. ती जखम ती पुढे झाकत नसे. कोणी विचारले की, मालकिणीलाच विचारा, म्हणत असे. १७८० मध्ये राज्याची नवी घटना झाली आणि समानतेचे कलम तिच्याही कानी पडले. ती थिओडोर सेजविक या वकिलाकडे गेली. हे तुला कळले कसे, असे विचारल्यावर तिने सांगितले की, गप्प राहून नीट ऐकत होते. सेजविक त्या १७७३ च्या ठरावांच्या बैठकीत होता. म्हणजे ज्या बैठकीत हे शब्द तयार झाले, त्यातल्याच माणसाकडून तिने ते वसूल करून घेतले. १७८१ च्या ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्युरीने बेट आणि तिच्यासोबत दावा लावणारा ब्रॉम या दोघांना मुक्त ठरवले आणि ॲश्लीला ३० शिलिंग भरपाई द्यायला लावली. ॲश्लीने पगारावर परत ये म्हणून निरोप पाठवला. ती गेली नाही. तिने एलिझाबेथ फ्रीमन हे नाव घेतले आणि १८२९ पर्यंत ती स्वतंत्र बाई म्हणून जगली. पाठोपाठ क्वॉक वॉकर याच्या खटल्यात राज्याच्या सरन्यायाधीशाने गुलामगिरी घटनेशी विसंगत असल्याचे सांगितले. १७९० च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये एकही गुलाम नोंदला गेला नाही. तिथे गुलामगिरी संपवणारा वेगळा कायदा कोणी केला नव्हता. ती न्यायालयात हरली होती.

जेफर्सनच्या वाट्याला असे दोन वाचक आले. पहिली फिलिस व्हीटली. १७६१ मध्ये सात-आठ वर्षांची असताना आफ्रिकेतून बॉस्टनला आणून तिला विकले गेले. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला छापला गेला. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी व्यक्तीचे ते पहिले छापील पुस्तक. या कविता खरोखर तिच्याच आहेत, अशी बॉस्टनच्या १८ प्रतिष्ठितांची ग्वाही पुस्तकाच्या सुरुवातीला छापावी लागली. सह्या करणाऱ्यांत गव्हर्नर होता आणि पुढे जाहीरनाम्यावर पहिली सही करणारा जॉन हॅनकॉकही होता. जेफर्सनने आपल्या व्हर्जिनियावरच्या पुस्तकात तिच्या कविता टीकेच्याही लायकीच्या नाहीत असे म्हणून मोडीत काढल्या. याच पुस्तकात काळी माणसे बुद्धीने कमी असावीत, अशी शंकाही त्याने मांडली.

दुसरा वाचक बेंजामिन बॅनेकर. मेरीलँडमध्ये तंबाखूची शेती करणारा स्वतंत्र काळा माणूस. लाकडी चाकांचे चालते घड्याळ त्याने स्वतः केले होते. पन्नाशीनंतर शेजाऱ्याकडून आणलेल्या पुस्तकांवर तो खगोलशास्त्र शिकला. नव्या राजधानीच्या हद्दीच्या मोजणीतही त्याने काम केले. १९ ऑगस्ट १७९१ रोजी त्याने जेफर्सनला पत्र पाठवले आणि सोबत पुढच्या वर्षाचे, स्वतः गणित करून हाताने लिहिलेले पंचांग. तुमच्या म्हणण्याप्रमाणे आमच्यात बुद्धी नाही ना, मग हे घ्या, असे त्याने तोंडाने म्हटले नाही. पंचांगाने ते काम केले. पत्रात त्याने जेफर्सनला जाहीरनाम्यातले त्याचेच शब्द वाचून दाखवले आणि असे लिहिणाराच माणसांना बळजबरीने डांबून ठेवतो, ही किती दयनीय गोष्ट आहे, असे विचारले. जेफर्सन त्या वेळी परराष्ट्रमंत्री होता. त्याने ११ दिवसांत सभ्य उत्तर लिहिले, पंचांग पॅरिसला कोंदोर्से या गणितज्ञाकडे पाठवत असल्याचे कळवले आणि मुद्द्याला बगल दिली. दोन्ही पत्रे छापून प्रसिद्ध झाली. बॅनेकर वारल्यानंतर, १८०९ मध्ये, एका खासगी पत्रात जेफर्सनने लिहिले की त्या पंचांगात दुसऱ्या कोणाची मदत असावी. बॅनेकर उत्तर द्यायला नव्हता. जेफर्सनने आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. मोजक्या सहा-सात जणांखेरीज कोणाला मुक्त केले नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १८२७ मध्ये, मॉन्टिसेलो इथे त्याच्या गुलामांचा लिलाव झाला.

वॉशिंग्टनची बाजू थोडी वेगळी आहे. त्याने मृत्युपत्राने आपल्या मालकीच्या १२३ गुलामांच्या मुक्ततेची तरतूद केली. हे त्याच्या खाती जमा करायलाच हवे. पण त्याच खात्यावर ओना जज हे नावही आहे. पेनसिल्व्हेनियात १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरच्या मालकाचा गुलाम सलग सहा महिने राहिला तर त्याला मुक्तता मागता येत असे. राष्ट्राध्यक्ष म्हणून फिलाडेल्फियात राहताना वॉशिंग्टन मुदत भरायच्या आत आपल्या गुलामांना राज्याबाहेर फिरवून आणत असे. ओना ही त्याची पत्नी मार्था हिची खास दासी. आपल्याला मार्थाच्या नातीला आंदण दिले जाणार हे तिला समजले. २१ मे १७९६ रोजी घरातली मंडळी जेवायला बसली असताना ती बाहेर पडली. वर्तमानपत्रात जाहिरात आली: उजळ रंग, अंगावर तीळ, काळेभोर डोळे, दाट केस, वय वीसच्या आसपास, जवळ चांगल्या कपड्यांचे पुष्कळ जोड, शोधून देणाऱ्यास १० डॉलर. जाण्याजोगे काहीही घडलेले नसताना ती पळाली, असेही त्यात म्हटले होते.

ती जहाजाने न्यू हॅम्पशायरमधल्या पोर्ट्स्मथला पोचली. तिथल्या सीमाशुल्क अधिकाऱ्यामार्फत वॉशिंग्टनने तिला परत आणायचा प्रयत्न केला. मालक-मालकिणीच्या मृत्यूनंतर मला मुक्त करण्याचे वचन दिले तर येते, असा निरोप तिने पाठवला. असा सौदा केला तर इमानाने राहिलेल्यांवर अन्याय होईल, असे म्हणून राष्ट्राध्यक्षाने नकार दिला. ती परतली नाही. तिने एका खलाशाशी लग्न केले, कष्टात आणि गरिबीत दिवस काढले. ती मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीत मोडत असल्याने वॉशिंग्टनच्या मृत्युपत्राचाही तिला उपयोग नव्हता. १८४८ मध्ये वारली तेव्हाही कायद्याच्या लेखी ती फरारी गुलामच होती. म्हातारपणी मुलाखत घ्यायला आलेल्यांनी पश्चात्ताप होतो का विचारले, तेव्हा तिने नाही म्हणून सांगितले.

सगळ्यांनी कागदाचा मार्ग धरला नाही. वॉशिंग्टनच्याच घोड्यांची निगा राखणारा हॅरी वॉशिंग्टन इंग्रजांना जाऊन मिळाला, कारण बंडखोर मालकांच्या पळून आलेल्या गुलामांना स्वातंत्र्य देऊ, असे इंग्रज गव्हर्नर डनमोरने १७७५ मध्ये जाहीर केले होते. युद्ध संपल्यावर १७८३ मध्ये न्यूयॉर्कहून इंग्रज जहाजांतून सुमारे ३,००० काळी माणसे बाहेर पडली. हॅरी त्यांत होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ज्यांना स्वातंत्र्य अमेरिका सोडल्यावर मिळाले, अशी ही माणसे. रिचमंडजवळच्या गॅब्रिएल या लोहाराने १८०० मध्ये सशस्त्र उठावाचा बेत आखला. ठरलेल्या रात्री वादळी पाऊस झाला, बातमी फुटली आणि गॅब्रिएलसह पंचवीसेक जण फासावर गेले.

फिलाडेल्फियातल्या प्रकरणांचा सूर आणखी निराळा आहे. रिचर्ड ॲलन जन्माने गुलाम. स्वतःची किंमत मालकाला फेडून तो सुटला. चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या त्याच्या सोबत्याला, ॲब्सलम जोन्सला, जागेवरून उठवायचा प्रयत्न झाला, तेव्हा काळी मंडळी तिथून बाहेर पडली. त्यातून स्वतंत्र चर्च आणि १८१६ मध्ये ॲलनच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र पंथ उभा राहिला. १७९३ मध्ये शहरात पीतज्वराची साथ आली आणि सुमारे ५,००० माणसे दगावली. काळ्यांना हा ताप होत नाही, अशा चुकीच्या वैद्यकीय समजुतीवर विसंबून त्यांना शुश्रूषेसाठी बोलावले गेले. ती माणसे आली आणि मेलीही. साथ ओसरल्यावर मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने त्यांच्यातल्या काहींवर लुबाडणुकीचा आरोप छापला. जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ मध्ये जमाखर्चासह त्याला छापील उत्तर दिले. १८१७ च्या जानेवारीत याच ॲलनच्या चर्चमध्ये सुमारे ३,००० जण जमले. स्वतंत्र काळ्यांना आफ्रिकेत नेऊन वसवायची योजना गोऱ्या पुढाऱ्यांनी पुढे आणली होती. शिडांचा कारखाना चालवणारा जेम्स फोर्टन तिच्याकडे काहीसा झुकलेला होता. सभेत योजनेच्या बाजूने एकही आवाज उठला नाही, आणि फोर्टनने सभेचे ऐकले. पुढाऱ्यांनी लोकांचे ऐकल्याची उदाहरणे इतिहासात कमी असतात, म्हणून हे प्रकरण मुद्दाम सविस्तर घेतले आहे.

वंशाचा झगडा फक्त काळा-गोरा नव्हता. मोहेगन जमातीच्या सॅमसन ऑकमने १७६६ ते १७६८ या काळात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये फिरून मूलनिवासी मुलांच्या शाळेसाठी सुमारे १२,००० पौंड जमवले. त्या पैशातून डार्टमथ कॉलेज उभे राहिले आणि त्याचा लाभ मुख्यतः गोऱ्या मुलांना झाला. फिलिस व्हीटलीचे सर्वांत परखड पत्र याच ऑकमला लिहिलेले आहे. चेरोकींनी तर 'सुधारलेले' ठरण्याच्या सगळ्या अटी पुऱ्या केल्या. सेक्वोयाने त्यांच्या भाषेला लिपी दिली, १८२७ मध्ये त्यांनी घटना केली, १८२८ मध्ये वर्तमानपत्र काढले, १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातला निकाल त्यांच्या बाजूने लागला. तरीही १८३८ मध्ये त्यांना बंदुकीच्या धाकाने पश्चिमेला हाकलले गेले. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४,००० माणसे मेली, असा अंदाज आहे. त्याच चेरोकींमधल्या श्रीमंतांकडे काळे गुलाम होते आणि त्यांनाही त्या वाटेवरून चालवले गेले. हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तो तसा नाही. १७९० मध्ये पहिल्याच काँग्रेसने केलेल्या कायद्याने परदेशातून आलेल्या 'स्वतंत्र गोऱ्या' माणसांनाच नागरिकत्व देऊ केले. हीच अट दाखवून १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना नागरिकत्व नाकारले आणि आधी नागरिक झालेल्या भारतीयांवरही गदा आली. थिंड यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. सरकारने त्यांचेही नागरिकत्व काढून घेण्याचा खटला भरला, पण तो ते जिंकले. भारतीयांना हा हक्क १९४६ मध्ये मिळाला. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकी काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. त्याआधी, १८७३ मध्ये, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले होते. त्या अर्पणपत्रिकेने आपल्याला मुक्त करणाऱ्यांची ओळख करून दिली. ज्यांनी मुक्त होण्यासाठी दुसऱ्याची वाट पाहिली नाही, त्यांची ओळख मराठीत व्हायची राहिली होती.

या माणसांचे बरेचसे पुरावे मालकांच्या कागदांत आहेत: फरारीच्या जाहिराती, मृत्युपत्रे, लिलावाच्या याद्या, न्यायालयाचे दप्तर. ओना जजचे वर्णन तिला पकडू पाहणाऱ्यानेच लिहून ठेवले. म्हणून हे पुस्तक वाचताना प्रत्येक कागद कोणी आणि कशासाठी लिहिला, हा प्रश्न मनात ठेवावा. प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. फक्त सुरू करण्यापूर्वी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा एकदा पूर्ण वाचा. दहा मिनिटांचे काम आहे. त्यातला शब्दन् शब्द खरा धरणारी माणसे कोण होती, ते मग पुढच्या पानांत आपोआप कळेल.